नळीचं तोंड: नागपुरातल्या एका .२२ रायफलीचा ग्रुप का फुटला

नागपुरात ५० मीटरची रायफल नीट तपासायची तर थंडीतली सकाळ हवी. साडेसात ते साडेनऊ, एवढाच वेळ. वारा उठलेला नसतो, जमीन तापलेली नसते, दुर्बिणीतून टार्गेट थरथरताना दिसत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर चढला की नेमबाज, काडतूस, वारा आणि तापलेली हवा यांचे दोष एकमेकांत मिसळतात. मग फुटलेल्या ग्रुपचं, म्हणजे टार्गेटवर विखुरलेल्या गोळ्यांच्या पुंजक्याचं, खापर कुणावरही फोडता येतं. पुढचं प्रकरण डिसेंबरातलं आहे, म्हणून ते तडीस नेता आलं. नाव-गाव गाळून, अभ्यासासाठी मांडलेलं हे प्रकरण आहे. ग्रुपचे आकडे उदाहरणाचे आहेत, पण या जातीच्या रायफलीत दिसतात त्याच पट्ट्यातले.

रायफल क्लबच्या मालकीची. .२२ लाँग रायफल कॅलिबर, बोल्ट अ‍ॅक्शन, मागचा बोल्ट (दट्ट्या) उघडून एकेक काडतूस हाताने भरायची, प्रोन म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकारासाठी. नळी ६९० मिमी, आतून सहा पीळदार खाचा, १६ इंचांत म्हणजे ४०६ मिमीत एक पूर्ण पीळ. नळीच्या तोंडावर पुढची साइट (नेम धरायची खूण) बसवायची पोकळ ट्यूब चढवलेली. या ट्यूबमुळे दोन साइट्समधलं अंतर वाढतं, पण तिच्यामुळेच नळीचं तोंड महिनोन्‌महिने कुणाच्या नजरेला पडत नाही. हा मुद्दा पुढे महागात पडणार आहे.

जूनमध्ये, रेंज पावसासाठी बंद होण्याआधी, हीच रायफल टेबलावरून दहा-दहा फैरींचे १३ ते १५ मिमीचे ग्रुप देत होती. ऑक्टोबरपासून तिच्यावर सराव करणाऱ्या तीन मुलांचे गुण एकदम खाली आले. ६० फैरींत प्रत्येकी आठ-दहा गुणांची घसरण. एका मुलाचं घसरलं असतं तर कोचने ट्रिगरचं बोट धरलं असतं. तिघांचं एकाच रायफलीवर घसरलं आणि त्यातली एक मुलगी दुसऱ्या रायफलीवर जुन्याच गुणांना पोचली, तेव्हा संशय बोटावरून लोखंडाकडे वळला.

१३ आणि २४ मिमीमध्ये काय फरक पडतो

आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या ५० मीटर टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचं असतं. गोळी ५.६ मिमीची. गोळीची कड वर्तुळाला टेकली तरी दहा मिळतात, म्हणून गोळीचं केंद्र मध्यापासून ८ मिमीच्या आत पडलं की काम भागतं. रायफलीचा स्वतःचा पसारा १३-१४ मिमी असेल तर तो १६ मिमीच्या या घेऱ्यात जेमतेम मावतो, आणि उरलेल्या एक-दीड मिमीवर नेमबाजाचा श्वास, नाडी आणि वारा यांनी भागवायचं असतं. हाच पसारा २४ मिमी झाला की रायफल शिकंजात आवळली तरी नऊ पडतात. मुलगा मात्र मनात म्हणतो, ‘माझंच काहीतरी चुकलं’ आणि नीट असलेली पोझिशन बिघडवून बसतो. रायफलीच्या दोषाचा हा खरा तोटा. तो गुणांच्या पाटीवर दिसत नाही.

ग्रुप मोजायची पद्धत एकच ठेवावी. सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर कॅलिपरने मोजायचं आणि त्यातून एका भोकाचा व्यास वजा करायचा. कागदातलं भोक गोळीपेक्षा थोडं लहान दिसतं, म्हणून सरळ ५.६ वजा न करता त्याच कागदावरचं एखादं सुटं भोक मोजून तो आकडा वजा करावा. पाच फैरींच्या एका ग्रुपवर निर्णय घेऊ नये. चांगली रायफलही अधूनमधून वाईट पाच देते, आणि बिघडलेली रायफल नशिबाने सुरेख पाच देते. दुसरा प्रकार जास्त घातक. इथे प्रत्येक पायरीला दहा फैरींचे पाच ग्रुप घेतले, म्हणजे दर वेळी ५० काडतुसं, एक पूर्ण डबी.

तोंडाकडे वळण्याआधी

मागच्या साइटऐवजी अ‍ॅक्शनच्या (बोल्ट बसतो त्या भागाच्या) रेलवर दुर्बीण बसवली. यामुळे साइट्सचा संशय एका फटक्यात मिटला, शिवाय पुढे ट्यूब काढूनही नेम धरता येणार होता. पुढे सँडबॅग, मागे सँडबॅग, तोच अनुभवी हात सगळ्या फैरी मारणार.

पहिले पाच ग्रुप: २१, २६, २३, २८, २२ मिमी. सरासरी २४. तक्रार खरी होती.

मग काडतूस. जूनमध्ये वापरलेल्या लॉटच्या (एकाच खेपेत बनलेल्या काडतुसांच्या) दोन डब्या शिल्लक होत्या, त्यांनीही तोच पसारा दिला. इथे नागपूरचा एक खास धोका आहे. .२२ च्या गोळीवर बाहेरून मेणासारखं वंगण असतं. उन्हाळ्यात डबी गाडीच्या डिकीत राहिली तर ते वितळून एका बाजूला उतरतं आणि मग कुठलाही लॉट भरवशाचा राहत नाही. या डब्या कपाटातल्या होत्या, वंगण सारखं होतं. वेगवेगळ्या उत्पादकांचे आणखी दोन लॉट मारले. ग्रुप थोडे पुढे-मागे झाले, पण १८ च्या खाली एकही आला नाही. तीन लॉट एकाच वेळी खराब निघायची शक्यता फार कमी.

स्टॉकचे स्क्रू टॉर्क रेंचने पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर आवळले. मागचा किंचित सैल होता. लोक इथेच थांबतात, ‘सापडलं’ म्हणतात आणि घरी जातात. पुन्हा मारल्यावर फरक पडला नाही. नळी आणि स्टॉकच्या मध्ये कागदाची पट्टी सरकवून पाहिली, ती अ‍ॅक्शनपर्यंत अडथळ्याविना गेली. म्हणजे नळी कुठे टेकत नव्हती. ट्रिगरचं वजन आणि बोल्टच्या पिनचा ठसा तपासला. काडतुसांच्या रिमवरचे (बुडाच्या कडेवरचे) ठसे सारख्या खोलीचे होते.

एवढं होईपर्यंत दोन सकाळी गेल्या. तोवर कुणीही ट्यूब काढून पाहिली नव्हती.

ट्यूबखाली काय होतं

रायफलीला हात लावण्याआधी बोल्ट काढून बाजूला, चेंबर रिकामं असल्याची दोघांनी खात्री, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत. नळीच्या तोंडात डोकवायचं आहे, तेव्हा या तीन गोष्टींना फाटा नाही.

ट्यूब सुटली तेव्हा आत मेण, काजळी आणि शिशाचा राखाडी थर होता, काही ठिकाणी नखाने खरवडता येईल इतका जाड. नळीच्या सपाट तोंडावर गोळीच्या भोकाभोवती चांदणीसारखी नक्षी पडते. सहा खाचांची नळी असेल तर सहा पाकळ्या. त्या सारख्या लांबीच्या असतील तर गॅस सगळीकडून सारखा सुटतो, असं मानायला हरकत नाही. इथे घड्याळातल्या पाचच्या जागेची पाकळी बाकीच्यांच्या जवळजवळ दुप्पट होती आणि तिची कड फिसकटलेली. पण पाकळी वाकडी दिसली म्हणून क्राउन, म्हणजे तोंडाची गोळी सुटते ती कड, खराब असा निकाल देऊ नये. थर उचकटल्यामुळे, ट्यूब तिरकी बसल्यामुळे, काडतूस बदलल्यामुळेही नक्षी बदलते. चांदणी बोट दाखवते, पुरावा वेगळा लागतो.

म्हणून आधी साफसफाई. विद्रावकात भिजवलेले कानकोरणीचे कापसाचे बोळे, लाकडी टूथपिक आणि सबुरी. थर कठीण असेल तर ओला बोळा तोंडावर दहा मिनिटं दाबून ठेवायचा. स्टीलची सुई, चाकूचं टोक, पितळी ब्रश यांतलं काहीही कडेला लावायचं नाही. दोष शोधायला बसलेला माणूस अशा वेळी नवा दोष पाडतो, असं हमखास घडतं. विद्रावक नळीत खाली उतरू नये म्हणून तोंड जमिनीकडे कललेलं ठेवलं.

साफ केल्यावर पुन्हा पाच ग्रुप: १९, २२, २०, २४, २०. सरासरी २१. थराचा वाटा होता, पण थोडाच. मग ट्यूब न लावताच मारलं: १८, २१, १९, २०, २२, सरासरी २०. हा एका मिमीचा फरक योगायोगातही येऊ शकतो, त्यावरून ट्यूबला दोषी ठरवता येत नाही. ट्यूब काढली की नळीच्या टोकाचं वजन बदलतं, तिचं कंपन बदलतं, म्हणून मार, म्हणजे गोळ्या लागायची जागा, वर-खाली सरकतो. या चाचणीत ग्रुप कुठे पडला हे बघायचं नाही, केवढा पडला एवढंच बघायचं.

आता भिंग. दहापट मोठं दाखवणारं, घड्याळजी वापरतात तसं, आणि बाजूने तिरका टॉर्च. उजेड समोरून टाकला की सगळं चकचकीत आणि निर्दोष दिसतं. तिरका टाकला की सावली बोलते. खाचांच्या मधल्या सहापैकी पाच कंगोऱ्यांच्या (उंच पट्ट्यांच्या) कडा काटकोनात तुटलेल्या दिसत होत्या. पाचच्या जागेच्या कंगोऱ्याची कड गोल झिजलेली होती, आणि ही झीज तोंडापासून आत सुमारे अर्धा मिमी उतरली होती. त्याच्या शेजारी, खाचेच्या कडेला, लोखंडाचा बारीक काटा उभा. कापसाचा बोळा आतून बाहेर ओढला की नेमके तिथेच दोन-तीन तंतू अडकत. बोळा तीनदा बदलला, तीनदा तिथेच अडकला. पुरावा यालाच म्हणायचं.

शेवटी शिशाचा मऊ स्लग, हलकं तेल लावून, बोल्टच्या बाजूने सळईने ढकलत नेला. हाताला जाणवणारा विरोध तोंडापर्यंत सारखा असायला हवा किंवा शेवटी किंचित वाढायला हवा, कारण चांगल्या .२२ नळ्यांत तोंडाशी थोडा आवळ ठेवलेला असतो. इथे विरोध शेवटपर्यंत टिकला. म्हणजे नळी आतून कर्ण्यासारखी उघडलेली नव्हती, झीज कडेपुरतीच होती. ही चांगली बातमी. स्लग शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये सैल सुटला असता तर पुढचं सगळं गणित बदललं असतं.

ही झीज आली कुठून

झिजेच्या मुळाशी एक अगदी घरगुती चूक होती. पावसाळ्यात नागपूरची हवा अशी दमट होते की कपाटात ठेवलेल्या लोखंडावर आठवड्यात तांबूस डाग येतो. सप्टेंबरमध्ये नळी घाईने साफ केली गेली. बोल्टच्या बाजूने सळई घालायला लागतो तो रॉड गाइड हरवला होता, म्हणून ट्यूब काढून सळई तोंडातून घातली. सळई तीन तुकड्यांची, आट्यांनी जोडायची, लोखंडी. रायफल साफसफाईच्या स्टँडवर आडवी, सळईचा अर्धाअधिक भाग बाहेर, हाताचा भार खाली आणि किंचित एका बाजूला. प्रत्येक खेपेला सळई तोंडाच्या खालच्या कडेवर रेलून घासत गेली, आणि जोडाचे कंगोरे कानशीसारखे फिरले. वापरलेल्या चिंधीतली काजळी आणि धूळ त्यात मिसळली. झीज पाचच्या जागी का, याचं उत्तर साफ करणारा कुठल्या बाजूला उभा होता यात आहे.

एनसीसीत रायफल साफ केलेल्यांना पुल-थ्रू (नळीतून ओढायची दोरी) आणि चिंधी माहीत असते. तिथेही हाच धोका. जुन्या .३०३ ली-एनफील्ड रायफलींच्या तोंडाशी दोरीने पाडलेली चर सापडते, कारण दोरी सरळ न ओढता तिरकी ओढली गेली. दोरी मऊ, पण तिच्यात रुतलेली रेती मऊ नसते.

गोळी सुटते त्या क्षणी

थोडक्यात याचं गणित समजून घेण्यासारखं आहे, कारण त्याशिवाय क्राउनवर दोन्ही टोकांच्या अंधश्रद्धा तयार होतात.

.२२ ची गोळी साधारण ३२५ मीटर प्रति सेकंद वेगाने बाहेर पडते. ४०६ मिमीत एक पीळ, म्हणजे सेकंदाला सुमारे ८०० फेरे. ५० मीटर जायला तिला ०.१६ सेकंद लागतो. या वेळात ती ५ मिमी बाजूला पडायची असेल तर तिला आडवा वेग किती लागेल? सेकंदाला ३ सेंटिमीटर. मुंगीच्या चालीएवढा. पुढच्या वेगाच्या दहा हजारांश भागाएवढा. एवढासा धक्का देण्याची संधी नळीत कुठेच नसते, कारण गोळी सगळीकडून धरलेली असते. ती संधी येते धरलेली गोळी मोकळी होते त्या एका जागी.

.२२ ची गोळी टाचेची असते. तिचं बूड काडतुसाच्या पितळी केसमध्ये बसावं म्हणून बारीक केलेलं, आणि नळीला घट्ट बसणारा पट्टा त्याच्या पुढे. हा पट्टा तोंडातून सुटला की मागचा गॅस वाट मिळेल तिथून फुटतो आणि क्षणभर गोळीपेक्षा जास्त वेगाने तिच्या बाजूने पुढे धावतो. कड सगळीकडे एकाच पातळीत असेल तर तो चारी बाजूंनी सारखा जातो. एका जागी कड खाली असेल तर तिथून आधी सुटतो. किती आधी? झीज ०.१ मिमी खोल धरली तरी सेकंदाचे एक कोटी भाग केले तर त्यातले तीन. पण गोळी फक्त २.६ ग्रॅमची आहे आणि लागणारा धक्का मुंगीच्या चालीएवढाच.

आता खरी मेख. दोष तर जागचा हलत नाही. मग दर गोळीला सारखाच धक्का बसायला हवा आणि ग्रुप जसाच्या तसा राहून नुसता बाजूला सरकायला हवा. तर्क बरोबर आहे. क्राउनच्या दोषाचा एक भाग तसाच वागतो आणि साइटच्या स्क्रूच्या दोन क्लिकांनी (टप्प्यांनी) झाकला जातो. म्हणूनच खराब दिसणाऱ्या तोंडाच्या काही रायफली ठीकठाक मारतात, आणि त्यांचे मालक ‘क्राउन वगैरे काही नसतं’ असं छातीठोक सांगतात. ग्रुप फुटतो तो दोष दर फैरीला बदलतो तेव्हा. या नळीतला काटा दर गोळीतून शिशाची कीस काढत होता. काही फैरींनंतर ती कीस आणि मेण मिळून झिजेचा खड्डा बुजवत, मग एखादी गोळी तो थर घेऊन जाई. टार्गेटवरही तेच दिसलं होतं. एका ग्रुपमधल्या पहिल्या सहा-सात गोळ्या एका पुंजक्यात, पुढच्या तीन वर डावीकडे, मग पुन्हा पहिल्या जागी. नेमबाजाचा हात असा वागत नाही.

एक गल्लत टाळावी. झीज पाचला आणि गोळ्या वर डावीकडे म्हणजे अकराकडे, अगदी समोरासमोर, म्हणून गॅसने ढकललं असं चित्र डोळ्यांसमोर येतं. ते इथे जुळलं तो योगायोग मानावा. फिरत्या गोळीला तिरका धक्का बसला की ती भोवऱ्यासारखी डुलते, आणि शेवटी कुठे जाईल हे दोषाच्या जागेवरून सरळ वाचता येत नाही.

हिंगण्याचा लेथ आणि कायदा

निदान झाल्यावर क्लबात पहिली सूचना आली ती अपेक्षितच होती. हिंगणा एमआयडीसीत शतांश मिमीत काम करणारे टर्नर आहेत, तासाभराचं काम, देऊन टाका. हाताच्या कसबाबद्दल शंका नाही. पण १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार बंदुकीच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो, आणि कलम ६ नुसार नळी आखूड करायला वेगळी परवानगी लागते. क्राउन कापणं म्हणजे नळी थोडी का होईना आखूड करणं. शेजारच्या चांगल्या टर्नरला रायफल देणारा क्लब स्वतःसोबत त्यालाही गोत्यात आणतो. रायफल परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडेच गेली, परवान्याच्या कागदांसह.

दुसरी सूचना होती गोल डोक्याचा पितळी स्क्रू हँडड्रिलला लावून, घासायची पेस्ट चोपडून तोंडावर फिरवायचा. ही युक्ती खोटी नाही. नुसता बारीक काटा असेल तर ६०० ग्रिटच्या पेस्टने, ड्रिल सतत डुलवत, काही सेकंदांत तो जातो. पण अर्धा मिमी आत उतरलेली झीज तिने जाणार नाही. उलट कंगोऱ्यांच्या सगळ्या कडा गोल होतील आणि मूळ तिरपेपणा तसाच राहील.

क्राउनचं काम कसं झालं

कारागिराला सोबत एक कागद दिला होता: दोषाची जागा, खोली, भिंगातून घेतलेला फोटो आणि ‘कमीत कमी कापा’ एवढीच विनंती. तोंडाचा आवळ शेवटच्या काही सेंटिमीटरमध्येच असतो. ‘पुढेमागे लागू नये’ म्हणून दहा मिमी उडवणारा कारागीर नळीचा सर्वांत मोलाचा भाग भंगारात टाकतो.

नळी अ‍ॅक्शनमधून काढून लेथच्या हेडस्टॉकमधून आरपार घातली आणि दोन्ही टोकांना स्पायडर नावाच्या चार-चार स्क्रूंच्या पकडीने धरली. सगळ्यात जास्त चुका याच पायरीवर होतात. नळीचं बाहेरचं अंग आणि आतलं भोक एककेंद्री असतंच असं नाही. बाहेरच्या अंगावर डायल (बारीक हालचाल सुईने दाखवणारं मापक) लावून केंद्र जुळवलं तर क्राउन बाहेरच्या अंगाला काटकोनात येतो, भोकाला नाही. म्हणजे नव्या झळाळीसकट पुन्हा तिरपा. म्हणून भोकात घट्ट बसणारं टोक (पायलट) असलेली सळई वापरून, तोंडाशी एकदा आणि सुमारे ५० मिमी आत एकदा, अशा दोन जागी डायल बघितला. दोन्हीकडे सुई ०.०१ मिमीपेक्षा जास्त हलत नाही तोवर स्क्रू फिरवत राहायचं. या जुळवणीलाच वेळ जातो, कापायला पाच-दहा मिनिटं.

तोंडाच्या आत वीसेक मिमीवर ग्रीस लावलेल्या चिंधीचा बोळा बसवला, म्हणजे कीस नळीत जाणार नाही. आधी तोंड सपाट केलं, ०.१ मिमीचे काप घेत, दर कापानंतर भिंग. सहाव्या कापाला झिजेची सावली गेली. खात्रीसाठी आणखी दोन. एकूण ०.८ मिमी. मग भोकाभोवती एक उथळ वाटी, सुमारे १ मिमी खोल, म्हणजे पुढे तोंड कुठे आपटलं तर मार बाहेरच्या कडेला बसेल. वाटीचा तळ काटकोनात ठेवला. ११ अंशांचा क्राउनही चालला असता. या दोन कोनांवर लोक तावातावाने भांडतात, पण .२२ मध्ये कोनापेक्षा तो भोकाला समकेंद्री आहे की नाही याला शंभरपट महत्त्व. शेवटचा काप धारदार टूलने, आतून बाहेरच्या दिशेने घेतला. उलट दिशेने घेतला तर काटा भोकात वळतो. हाताने फक्त एक गोष्ट केली, ओल्या ६०० ग्रिटचा हलका स्पर्श.

बोळा बोल्टच्या बाजूने सळई घालून पुढे ढकलून काढला. मागे ओढला असता तर कीस अख्ख्या नळीतून फिरली असती. शेवटची कसोटी पुन्हा कापसाचा बोळा. सहाही कंगोऱ्यांवर एकही तंतू अडकला नाही.

पुन्हा रेंजवर

साफ केलेली .२२ नळी लगेच बोलत नाही. तिच्यात मेणाचा पातळ थर बसावा लागतो. पहिल्या ३० फैरी नुसत्या मातीच्या बांधात मारल्या, मोजल्या नाहीत. ट्यूब परत बसवताना तिच्या आत काजळी पुसली आणि गोळीची वाट ट्यूबच्या मध्यातून जाते हे मागून उजेड धरून तपासलं. मग तीच दुर्बीण, त्याच सँडबॅग, तोच हात, जूनचाच लॉट.

१३, १५, १२, १६, १४. सरासरी १४. पुंजके गेले.

मार मात्र तीन-चार क्लिक सरकला, तो सरकणारच होता. जूनमधला सर्वोत्तम लॉट आता दुसऱ्या क्रमांकावर गेला. नळीचं तोंड बदललं की काडतुसाची निवड नव्याने करावी लागते, तेव्हा क्राउनच्या खर्चात तीन-चार लॉटच्या चाचणीचाही खर्च धरावा.

नियम फारसे बदलले नाहीत. रॉड गाइड आणि प्लास्टिकचं आवरण असलेली एकसंध सळई आली. सळई फक्त बोल्टच्या बाजूने जाते, चिंधी तोंडाबाहेर पडते आणि सळई मोकळी मागे येते. तीनेकशे फैरींनी ट्यूब उतरवून कापसाच्या बोळ्याने तोंड पुसलं जातं. पावसाळ्यात तोंडावर रबरी टोपी घट्ट बसवून ठेवायची सवय होती, ती मोडली, कारण दमट हवा आत कोंडली की गंज आतूनच धरतो. आता रायफल सैल कापडी पिशवीत, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या, आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या बदलायच्या. लोखंडी तीन तुकड्यांची सळई कपाटातच होती. ती कुणी पुन्हा घाईत उचलू नये म्हणून तिचा मधला तुकडा काढून टार्गेटच्या फ्रेमला टेकू म्हणून ठोकला आहे.